समाईक स्मृति : शिक्षणाच्या इतिहासाचें एक साधन

अस्सल कागद हातीं असतां कोणाच्या आठवणीवर विसंबूं नये, हा नियम संशोधक मंडळींत इतका मुरलेला आहे कीं, तो आतां कोणी कोणास सांगावा लागत नाहीं. कै. राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून पत्र आणि बखर ह्यांची प्रतवारी जवळजवळ ठरून गेली. पत्र हें त्या त्या दिवसाचें, पुढें काय होणार हें लिहिणारास ठाऊक नसतांना लिहिलेलें. बखर ही मागाहून, शेवट माहीत झाल्यावर, स्मरणानें सांगितलेली. सभासदानें १६९७ त जिंजीस बसून जें लिहिलें तें महाराजांच्या पदरच्या माणसाचें खरें, पण स्मरणच. हा विवेक आम्हांस पूर्ण मान्य आहे, आणि तो ढिला करावा असें सुचविण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. परंतु एक विषय असा आहे कीं, त्यांत अस्सल कागद विपुल असूनहि ते मुख्य प्रश्नाशीं येऊन मुके होतात. तो विषय म्हणजे शाळा.

मुंबई इलाख्यांत १८२० नंतरच्या दशकांत सरकारनें देशी शाळांची मोजदाद करविली. जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांकडून आलेलीं तीं उत्तरें पुढें रा. वि. परुळेकर ह्यांनीं संपादून १९५१ त छापलीं. १८२९ च्या सुमाराच्या आंकड्यांप्रमाणें इलाख्यांत १७०० च्या वर शाळा व त्यांत ३५,००० च्या वर मुलें होतीं. पंतोजीची प्राप्ति, मुलांची संख्या, शाळा देवळांत भरते कीं कोणाच्या ओसरीवर, इत्यादि गोष्टी ह्या कागदांवरून कळतात. पण धुळपाटीवर बोट फिरवितां फिरवितां अक्षर केव्हां हातीं बसलें, पावकी-निमकी-औटकीचा घोष चालला असतां ज्याला ती येत नसे तो काय करी, परवचा म्हणतांना कोणाचा आवाज मोठा व कोणाचा नुसताच ओठ हलविण्यापुरता, ह्यांतील एकहि गोष्ट कोणत्याहि कलेक्टरानें विचारली नाहीं व कोणीहि लिहिली नाहीं. शाळा किती होत्या हें कागद सांगतो. शाळेंत असणें म्हणजे काय होतें हें तो सांगत नाहीं.

हा भेद किती खोल जाऊं शकतो ह्याचें एकच उदाहरण पुरे आहे. सातारच्या सरकारी शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरांत ७ नोव्हेंबर १९०० ह्या तारखेस 'भिवा रामजी आंबेडकर' हें नांव चढलेलें आहे. ती नोंद अस्सल आहे. २०१७ पासून महाराष्ट्रांत तो दिवस विद्यार्थी-दिन म्हणून पाळूं लागले तोहि त्याच नोंदीच्या आधारावर. रजिस्टरावरून एवढें निष्पन्न होतें कीं, अस्पृश्य गणलेल्या जातींतील एक मुलगा सरकारी शाळेंत इतर मुलांबरोबर रीतसर दाखल झाला. आतां दुसरें साधन पाहावें. डॉ. आंबेडकरांनीं १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजींत लिहून ठेवलेल्या व १९९० त पुस्तकरूपानें निघालेल्या 'वेटिंग फॉर ए व्हिसा' ह्या लहानशा लिखाणांत त्या दिवसांची हकीकत आहे. वर्गांत एका कोपऱ्यांत निराळें बसावयाचें. खालीं घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा. शाळा झाडणारा नोकर त्यास शिवत नसे म्हणून तो रोज घरीं न्यावयाचा व दुसऱ्या दिवशीं परत आणावयाचा. तहान लागली तर शिपायानें नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणी नाहीं. रजिस्टर खोटें नाहीं व गोणपाटहि खोटें नाहीं. दोन्ही एकाच मुलाविषयीं बोलतात; मात्र पहिल्या साधनावर थांबणारा इतिहासकार शाळेचा नव्हे, रजिस्टराचाच इतिहास लिहील.

येथें वाचकानें आणखी एक पाऊल टाकावें. त्या वर्गांत दुसरींहि मुलें होतीं. तीं मोठीं झाल्यावर त्यांस एकत्र बसवून 'वर्गांत कोण कोठें बसत असे' एवढेंच कोणी विचारलें असतें, तर किती जणांस तें गोणपाट आठवलें असतें? कांहींस आठवलें असतें, कांहींस पुसट, आणि कांहींस मुळींच नाहीं. ज्यास आठवत नाहीं तो लबाड असेलच असें नाहीं. जें रोजचें व आपणांस न बोंचणारें, तें मनाच्या दप्तरीं दाखलच होत नसतें. परंतु न आठवणाऱ्याचें न आठवणें हें गोणपाटाइतकेंच शाळेच्या इतिहासाचें साधन आहे. एकट्या माणसाच्या आत्मचरित्रांतून तें कधींहि हातीं लागणार नाहीं. एकाच खोलींत निरनिराळ्या जागीं बसलेल्या माणसांच्या आठवणी एकमेकींसमोर ठेवल्या तरच तें दिसतें. समाईक स्मृतीचें खरें मोल आम्हांस ह्यांत वाटतें, तिच्यामुळें चार साक्षी जुळतात ह्यांत नव्हे.

ह्या कल्पनेस शास्त्रीय पद्धतीचें रूप प्रथम जर्मनींत आलें. १९३७ सालीं जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ फ्रिगा हाउग ह्यांनीं, 'दास आर्गुमेंट' ह्या नियतकालिकाशीं संबंध असलेल्या स्त्रियांच्या एका मंडळाबरोबर, १९८० च्या आगेंमागें हें काम आरंभिलें व त्यास 'स्मृति-कार्य' अशा अर्थाचें नांव दिलें. त्यांचा ह्या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १९८३ त जर्मनींत व १९८७ त इंग्रजी भाषांतरानें निघाला. विषय होता मुलीच्या शरीराला वळण कसें लागतें हा: केस कसे ठेवावे, पाय कसे ठेवून बसावें, ह्या गोष्टी कोणी कधीं पाठ देऊन शिकविल्या नाहींत, तरी त्या प्रत्येक मुलीस येतात त्या कशा? पुढें ऑस्ट्रेलियांत जून क्रॉफर्ड, सूसन किपॅक्स व त्यांच्या सहकारिणींनीं १९९२ च्या आपल्या ग्रंथांत ह्या पद्धतीचे नियम अधिक रेखीव केले. आणि ब्रॉन्विन डेव्हिस व सूसान गॅनन ह्यांनीं २००६ च्या ग्रंथांत तिला 'सामूहिक चरित्र' असें नांव देऊन तिचा एक निराळा फांटा सिद्ध केला. शाळकरी मुलगी 'चांगली विद्यार्थिनी' होते म्हणजे नेमकें तिचें काय होतें, ह्याचा शोध डेव्हिस व त्यांच्या सहा सहकारिणींनीं आपल्याच शाळेच्या आठवणींवरून घेतला, तो निबंध २००१ चा.

नियम थोडे आहेत, पण ते कां केले हें पाहण्यासारखें आहे. चार ते आठ माणसें जमावीं. विषय लहान व हातीं धरतां येईल असा निवडावा. 'माझें शिक्षण' असा विषय दिला कीं माणूस भाषण करूं लागतो. 'पहिली छडी', 'पाटी फुटली तो दिवस', असा दिला म्हणजे त्यास कांहींतरी दिसूं लागतें. प्रत्येकानें एका विशिष्ट प्रसंगाची हकीकत घरीं, एकट्यानें, लिहावी. ती तृतीय पुरुषीं लिहावी, म्हणजे 'मी' न म्हणतां 'ती' किंवा 'तो' म्हणावें. क्षुल्लक वाटणारा तपशीलहि गाळूं नये. आणि कारणमीमांसा करूं नये: अमुक झालें तें अमक्यामुळें, असें एकहि वाक्य त्यांत नसावें. मग सर्वांनीं एकत्र बसून एकेक लिखाण वाचावें व त्यावर प्रश्न करावे. ठोकळेबाज वाक्य कोठें आलें? परस्परविरोध कोठें आहे? प्रसंगांत जें माणूस अवश्य असावयास पाहिजे तें लिखाणांत कां नाहीं? ह्या प्रश्नांनंतर लिहिणारानें हकीकत पुन्हां लिहावी.

तृतीय पुरुषाचा नियम प्रथमदर्शनीं नाटकी वाटतो; आम्हांसहि वाटला होता. परंतु त्याचें कारण बखरींच्या वाचकास तरी सहज पटेल. 'मी' म्हणून लिहूं लागलेला माणूस आपली बाजू मांडतो. आज जो मी आहें तो तेव्हांहि असाच होतों, असें दाखविण्याकडे त्याची लेखणी ओढते. 'तो मुलगा' म्हटलें कीं त्या मुलाचा भित्रेपणा, चहाडी, लोचटपणा लिहितांना हात तितका अडखळत नाहीं. कारणें न देण्याचा नियमहि तसाच. कारण हें बहुधा आजचें असतें. तपशील कांहीं अंशीं तेव्हांचा असण्याचा संभव असतो. जुन्या करिन्यांत वादीचें म्हणणें एक व त्यांत ओघानें आलेलीं शेतांचीं, विहिरींचीं, साक्षीदारांचीं नांवें दुसरें; आपण म्हणण्यावर कमी व नांवांवर अधिक विसंबतों, तोच हा न्याय.

शिक्षणाच्या क्षेत्रांत ह्या पद्धतीचा अलीकडचा मोठा प्रयोग पूर्वीच्या समाजवादी देशांतील शाळांविषयींचा आहे. हंगेरींत वाढलेल्या झुझा मिल्लेई आणि सोव्हिएट संघांत वाढलेल्या इवेता सिलोवा व नेल्ली पियात्तोयेवा ह्या तिघींनीं, आपल्यासारख्याच त्या शाळांतून शिकून पुढें अध्यापक झालेल्या लोकांच्या आठवणींचा एक ग्रंथ २०१८ त प्रसिद्ध केला. १९९१ त सोव्हिएट संघ मोडल्यावर त्या शाळांविषयीं दोनच प्रकारचें लिखाण मिळे: एक सरकारी दप्तरांतील, ज्यांत सर्व मुलें आनंदी, दुसरें बाहेरून पाहणाऱ्यांचें, ज्यांत सर्व मुलें यंत्रासारखीं. आपण स्वतः तीं मुलें असूनहि आपल्याला आठवते ती शाळा दोहोंपैकीं एकींतहि नाहीं, हें ह्या लेखकांस जाणवलें. त्या ग्रंथांतील एक प्रकरण मुलींच्या केसांतील फितींच्या फुलावर आहे. विषय पोरकट वाटेल. पण गणवेष सर्वांचा एक, केसांतील फूल बांधणें शिस्तीचाच भाग, आणि तरी तें फूल केवढें बांधावें, घट्ट कीं सैल, आई बांधणार कीं आजी, तें दिवसभर टिकेल कीं नाहीं, ह्यांत मुलीची स्वतःची म्हणून थोडी जागा उरे. सरकारी फर्मानांत गणवेष सांपडतो. ही जागा सांपडत नाहीं. एकीनें फितीविषयीं लिहिलें म्हणून दुसरीस आपली फीत आठवली, व दोघींच्या फितींची तऱ्हा निराळी निघाली, तेव्हांच तो विषय उभा राहिला.

ह्याच तिघींनीं 'म्नेमो झिन' ह्या संयुक्त नांवाखालीं २०२४ त शीतयुद्धकालीन बालपणाच्या आठवणींचा दुसरा ग्रंथ संपादिला. 'झिन' हीं तिघींच्या नांवांचीं आद्याक्षरें, व 'म्नेमो' हें स्मृतिवाचक ग्रीक शब्दावरून. ग्रंथाच्या इंग्रजी नांवांत 'आर्काइव्ह' ह्या शब्दामागें नकारार्थी उपसर्ग कंसांत घातला आहे. म्हणजे दफ्तरखाना आहेहि आणि नाहींहि. रुमाल सोडण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा आमच्या वाचकांस ही कसरत रुचेल असें नाहीं. परंतु तिच्यामागील तक्रार खरी आहे. दफ्तरखान्यांत काय ठेवावें हें ज्यानें ठरविलें, त्यास मुलाच्या फितीची अगर गोणपाटाची पर्वा नव्हती.

आतां आक्षेप. ते किरकोळ नाहींत, व ह्या पद्धतीचे कैवारी ते पुष्कळदां झटकून टाकतात म्हणून येथें थोडें थांबणें अवश्य आहे.

मॉरिस हाल्बवाक्स ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानें १९२५ च्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, माणूस एकट्यानें आठवतो असें आपण म्हणतों तेव्हांहि तो आपल्या घराच्या, जातीच्या, गांवाच्या चौकटींतच आठवत असतो. म्हणजे समाईकपणा हा स्मृतीस बाहेरून चिकटविलेला नव्हे. तो मुळांतच आहे. पण म्हणूनच चार आठवणी जुळल्या ह्याचा अर्थ चार साक्षी झाल्या असा नव्हे. मानसशास्त्रज्ञांनीं प्रयोगानें दोन गोष्टी दाखविल्या आहेत. वेल्डन व बेलिंजर ह्यांच्या १९९७ च्या प्रयोगांत, एकत्र बसून आठवणाऱ्या मंडळीस, तितक्याच माणसांनीं वेगवेगळें आठवून केलेल्या बेरजेपेक्षां कमी आठवलें. एकाच्या बोलण्यानें दुसऱ्याचा धागा तुटतो. आणि रोडिगर, मीड व बर्गमन ह्यांच्या २००१ च्या प्रयोगांत, सोबत्यानें मुद्दाम सांगितलेली खोटी वस्तु पुढें दुसऱ्यानें स्वतः पाहिली म्हणून सांगितली.

हस्तलिखितांचा व्यासंग करणारास ह्यांत नवीन असें कांहींच नाहीं. दोन पोथ्या एकच पाठ देतात म्हणून आपण दोन आधार धरीत नाहीं. दोन्ही एकाच तिसरीवरून उतरल्या असतील तर आधार एकच. आणि एखाद्या लेखकानें आपल्या पोथीवर दुसरी ठेवून मिळवणी केली असेल, तर ती मिळवणीची प्रत कितीहि सुवाच्य असली तरी साक्षीस कमी योग्यतेची. मंडळींत बोलून झाल्यावर लिहिलेली आठवण ही अशी मिळवणीची प्रत होय. ह्यावरून नियम आपोआप निघतो: आधीं लिहावें, मग भेटावें. पद्धतीच्या मूळ नियमांत हें आहेच. पण ज्या कारणानें आम्ही त्यावर जोर देतों तें कारण मात्र पोथ्यांच्या शास्त्रांतील आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. दोघांच्या आठवणी एकमेकांशीं न बोलतांहि जुळतील, आणि तरी त्या स्वतंत्र नसतील. कारण दोघांनीं तेंच पुस्तक वाचलें, तोच चित्रपट पाहिला, अगर 'पूर्वीचे मास्तर मारीत, पण विद्या येई' हें वाक्य शंभर वेळां ऐकलें. बखरींत लढाईच्या वर्णनांचीं जशीं ठराविक वाक्यें असतात व तीं कोणत्याहि लढाईस चालतात, तशींच शाळेच्या आठवणींतहि आहेत. ठोकळेबाज वाक्य शोधण्यावर फ्रिगा हाउग ह्यांनीं जो भर दिला त्याचें महत्त्व येथें आहे. असें वाक्य सांपडलें म्हणजे हकीकत खोटी असें नव्हे. येथें कांहींतरी झांकलें आहे, एवढी ती खूण. आमच्या मतें हा सबंध पद्धतीचा सर्वांत उपयुक्त भाग आहे.

पुनर्लेखनाच्या नियमाविषयीं मात्र आम्ही साशंक आहों. सामूहिक चरित्राच्या फांट्यांत हकीकत पुन्हां पुन्हां लिहून अशी करतात कीं, ऐकणारास ती स्वतःची वाटावी. लिहिणाऱ्यांच्या हेतूस तें योग्य असेल. घडलेला दिवस परत आणणें हा त्यांचा हेतु नाहीं, मूल विद्यार्थी कसें बनतें हें समजणें हा आहे. परंतु संशोधकाच्या दृष्टीनें पहिला मसुदा हा अस्सल व शेवटला ही नक्कल, मग ती कितीहि घोटीव असो. छापतांना बहुधा शेवटला छापतात आणि पहिला कोठें गेला तें कोणी सांगत नाहीं. प्रत्येक मसुदा तारीख घालून ठेवावा, मंडळींतील बोलणें निराळें टिपावें, आणि कोणाच्या प्रश्नानंतर कोणतें वाक्य बदललें हें दिसूं द्यावें.

हें सर्व परकीय म्हणून बाजूस सारण्याचें कारण नाहीं. मराठी गद्याच्या आरंभींच ह्याचा एक नमुना उभा आहे. श्रीचक्रधर निघून गेल्यावर म्हाइंभटांनीं शके १२०० च्या (इ. स. १२७८ च्या) सुमारास रिद्धपूर येथें 'लीळाचरित्र' सिद्ध केलें तें कसें? जे जे त्या त्या प्रसंगीं हजर होते त्यांच्याकडून हकीकत घेऊन, आणि नागदेवाचार्यांपुढें ती ठेवून. गुरूनें काय शिकविलें, कोणत्या जागीं, कोणत्या शिष्याच्या कोणत्या चुकीवरून, हें ज्यांनीं शिक्षण घेतलें त्यांच्याच तोंडून गोळा केलेलें हें साधन आहे. ह्या संप्रदायाची परंपरा अशी कीं, पुढें धाडींत मूळ ग्रंथ नष्ट झाला व तो निरनिराळ्या शिष्यांनीं पाठांतराच्या व स्मरणाच्या बळावर पुन्हां उभारला. त्यामुळें हिराइसा, परशराम, रामेश्वर असे पाठ निर्माण झाले. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ते पाठ एकांत एक मिसळून टाकले नाहींत. कोणाच्या पाठांत काय निराळें आहे हें नांवानिशीं प्रतींत दर्शविलेलें आढळतें. वि. भि. कोलते ह्यांची १९७८ ची आवृत्ति ज्यांच्या संग्रहीं आहे त्यांनीं ह्या दृष्टीनें ती पुन्हां चाळावी. भेद राखून ठेवण्याची ही शिस्त सातशें वर्षांपूर्वींच्या त्या भाविक मंडळींस सुचली होती. आजच्या कित्येक आठवणसंग्रहांच्या संपादकांस ती सुचत नाहीं, हें पाहून आम्हांस आश्चर्य वाटतें.

छापील वाङ्मयांतहि एक संच असा आहे कीं, तो एकत्र वाचला तर समाईक स्मृतीचें काम आपोआप होतें. अनाथ बालिकाश्रमाची स्थापना १८९६ त झाली व १९०० त तो हिंगण्यास गेला. त्या संस्थेविषयीं एकाच कुटुंबांतील तिघांनीं लिहिलें: धोंडो केशव कर्वे ह्यांचें 'आत्मवृत्त' १९१५ चें, त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले ह्यांची 'माझी कहाणी' १९२८ ची, आणि पत्नी आनंदीबाई ह्यांचें 'माझे पुराण' १९४४ चें. आनंदीबाई ह्या १८८९ त निघालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतील अगदीं पहिल्या विधवा विद्यार्थिनी, आणि पार्वतीबाई हिंगण्याच्या आश्रमांत काम करून त्याच्याचसाठीं वर्गणी मागत फिरलेल्या. अण्णासाहेबांच्या लेखांत आश्रमास द्रव्य देणें हा कर्तव्याचा व हिशेबाचा विषय आहे. त्याच द्रव्याची तूट आनंदीबाईंच्या लेखांत संसाराच्या बाजूनें दिसते. एकानें दुसऱ्यास खोडून काढलेलें नाहीं. पण ज्यानें पहिलेंच पुस्तक वाचलें आहे त्यास हिंगण्याची शाळा कोणाकोणाच्या काटकसरीवर उभी राहिली तें अर्धेंच कळलें.

ह्याच्या उलट एक उणीव पाहावी. १८७५ त कर्वे आपल्या सोबत्यांसह मुरुडहून डोंगरांतून, पावसांत, सुमारें शंभर मैल चालत साताऱ्यास परीक्षेसाठीं गेले, व वय लहान दिसतें म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं, हा प्रसंग शालेय पुस्तकांपर्यंत पोंचला आहे. सोबती होते, पण आपल्या हातीं आहे ती एकाचीच आठवण, आणि तीहि चाळीस वर्षांनंतर लिहिलेली. त्यांच्यापैकीं एकानें चार ओळी खरडून ठेवल्या असत्या तर वाट कोणी दाखविली, रात्रीं कोठें उतरले, परत फिरतांना काय बोलणें झालें, हें आज पडताळतां आलें असतें.

येथवर वाचून आलेला संग्राहक विचारील कीं, ह्यांत आमचें काय काम? काम आहे, आणि त्यास अवधि थोडा आहे. १९५० नंतरच्या काळांत मोडी लिपि आमच्या शाळांतून हळूहळू उठली. ज्यांनीं ती शाळेंत, मास्तरांसमोर, किता पुढें ठेवून गिरवली अशीं माणसें आज ऐंशी-नव्वदीच्या पुढें आहेत. मोडीचे लक्षावधि कागद आपण राखले; पण मोडी शिकविली कशी जात होती ह्याचा कागद जवळजवळ नाहीं. रेघ आधीं ओढावयाची हें सर्वांस माहीत आहे; ती मुलाकडून कशी ओढवून घेत, कागद गुडघ्यावर कीं पाटावर, बोरू कापावयास केव्हां देत, इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद मोडींत पाळीत नसत तर बालबोध शिकणाऱ्या त्याच मुलाचा त्यामुळें घोटाळा होई कीं नाहीं, शिळाप्रेसवर छापलेलीं मोडी वाचनपुस्तकें वर्गांत मोठ्यानें वाचीत कीं मनांत, हे प्रश्न आजहि विचारतां येतात. चिटणिशी, बिवलकरी इत्यादि वळणांचीं नांवें आपण घेतों. शाळेंत कोणतें वळण मानीत, मुलाचें अक्षर मास्तरांच्या अक्षरावर जाई कीं घरच्या कोणा कारकुनाच्या, हें कळलें तर एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील पत्रांचे हात ओळखण्यास त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.

हे प्रश्न एकेकट्या वृद्धास घरीं जाऊन विचारले तर तो बहुधा म्हणेल, 'होती बुवा मोडी, फार त्रास होई.' ठोकळेबाज वाक्य. त्यापेक्षां एकाच गांवच्या अगर तालुक्याच्या तिघा-चौघांस आठ दिवस आधीं एकच लहान विषय द्यावा: मोडीचा पहिला तास. ज्यास लिहवत नाहीं त्याचें नातवंडानें टिपून घ्यावें, मात्र जसें बोलले तसें, व्याकरण न सुधारतां. मग एकत्र बसवावें आणि मध्यें एक जुना किता ठेवावा. मुलगी शाळेंत होती असें एकानें म्हटलें व दुसऱ्यानें नाहीं म्हटलें, कोणी ओट्यावर व कोणी उंबऱ्याबाहेर बसून गिरवलें असें निघालें, तर तेथें घाई करून निकाल देऊं नये. दोन्ही लिहून ठेवावें. कोणास एखादी गोष्ट नांवानिशीं छापावयास नको असेल तर तें निमूट मान्य करावें. आठवण ही बाजारांत घेतलेला रुमाल नव्हे. ती सांगणाराचीच राहते.

कित्याविषयीं शेवटीं थोडें सांगतों. वाड्यांतून दप्तर येतें तेव्हां सनदा, महजर, ताळेबंद बाजूला काढून उरलेल्या रद्दींत मुलांच्या हातचे कागद असतात: एकच ओळ पंचवीस वेळां गिरवलेली, कडेला उजळणीचे आंकडे, मध्येंच शाईचा डाग. त्यांस तारीख नसते, राजकारण नसतें, म्हणून ते टाकून देण्याची चाल आहे. ते टाकूं नयेत. ज्या घरचा कागद असेल त्या घरांत कोणी शाळेंत मोडी शिकलेलें हयात आहे काय हें त्याच दिवशीं विचारावें, कागद त्यांच्या हातीं द्यावा, आणि ते तो पाहतांना बोट कोठून फिरवूं लागतात तें टिपून कागदाबरोबर त्याच रुमालांत बांधून ठेवावें.